सुमी-गाएशी: वाकून उभ्या राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अंगावरून उलटवणारा डाव

ज्युदोच्या बहुतेक डावांत फेकणारा पायांवर उभा असतो. सुतेमी-वाझा या गटात मात्र तो जाणूनबुजून स्वतः खाली जातो आणि त्या जाण्याच्या ओढीवर समोरच्याला उलटवतो. पाठीवर जाऊन टाकायचे डाव मा-सुतेमी, कुशीवर जाऊन टाकायचे योको-सुतेमी. सुमी-गाएशी मा-सुतेमीतला. कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेच्या गोक्योमध्ये, म्हणजे फेकींच्या पाच संचांच्या यादीत, तो चौथ्या संचात आहे, आणि नागे-नो-कातामध्ये, म्हणजे फेकींच्या ठरीव क्रमाच्या प्रात्यक्षिकात, तोमोए-नागे व उरा-नागे यांच्यानंतर येतो.

प्रसिद्धी तोमोए-नागेला जास्त मिळते, कारण तो दिसतो देखणा. पण सुतेमी शिकायला सुरुवात सुमी-गाएशीपासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तोमोए-नागेमध्ये तळवा पोटावर नेमक्या जागी टेकवायचा असतो आणि अंतर वीतभर चुकलं तरी डाव वाया जातो. सुमी-गाएशीत छाती छातीला लागलेली असते, त्यामुळे अंतराचा अंदाज शरीरच घेतं. शिवाय डाव फसला तरी तुमचा पाय उकेच्या (फेकल्या जाणाऱ्याच्या) मांडीखाली अडकलेला राहतो आणि तो सहजासहजी तुमच्यावर चढू शकत नाही.

हा डाव बहुधा एकाच कारणाने फसतो: शिकणारा मागे पडतो. जायचं असतं पुढे, उकेच्या खाली. बाकी सगळे दोष या एका दोषाची पिल्लं आहेत.

(लेखात फेकणारा तो तोरी आणि फेकला जाणारा तो उके. वर्णन उजव्या बाजूचं आहे; डावखुऱ्यांनी सगळं उलट घ्यावं.)

आधी उकेमी

उके या डावात तोरीच्या डाव्या खांद्यावरून, स्वतःच्या उजव्या खांद्यावर गोल होऊन पडतो. म्हणून उकेला उजवीकडची माए-मावारी-उकेमी, म्हणजे पुढे गोल लोळून सुरक्षित पडण्याची पद्धत, झोपेतही यायला हवी. कसोटी सोपी आहे: चालत चालत, न थांबता सलग दहा उकेमी, दरवेळी हनुवटी छातीला आणि डोक्याचा मॅटला स्पर्श नाही. हे जमत नसेल तर पुढचं वाचायला हरकत नाही, करायला मात्र आहे. मानेचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर प्रशिक्षकाला आधी सांगा.

उकेने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: पडताना उजवा हात ताठ करून जमिनीवर टेकवायचा नाही. सुतेमीत कोपर आणि मनगट दुखावण्याचं हे नेहमीचं कारण आहे. संपूर्ण शरीराचा भार, त्यात तोरीची ओढ, आणि तो सगळा एका ताठ हातावर. त्याचप्रमाणे डोकं टेकवून, मानेवर पूल करून डाव वाचवायचा प्रयत्नही करायचा नाही.

तोरीच्या बाजूने तीन गोष्टी. हनुवटी आत, पाठ गोल, आणि पडताना हात सोडून मॅटवर आपटायचा नाही, कारण दोन्ही हात उकेला धरून असतात. तोरीच्या डोक्यामागे किमान दोन-अडीच मीटर मोकळी जागा हवी. गर्दीच्या वर्गात सुतेमी करताना सगळ्या जोड्यांनी एकाच दिशेने फेकावं. एका जोडीचा उके दुसऱ्या जोडीच्या पायांत जाऊन पडला की गुडघे जातात.

डाव कुणावर टाकायचा

सरळ उभा, कंबर पुढे, वजन टाचांवर असा उके असेल तर सुमी-गाएशी विसरा. तुम्ही खाली जाल आणि तो तिथेच उभा राहून तुमच्याकडे बघत राहील. हा डाव आहे जिगोताईमध्ये, म्हणजे बचावात वाकून उभ्या राहणाऱ्यासाठी. कंबर मागे, डोकं पुढे, हात ताठ, पाय फाकलेले. अशा माणसाला ओ-सोतो-गारी (बाहेरून पाय कापण्याचा डाव) लागत नाही, सेओई-नागेसाठी (खांद्यावरून फेकण्याच्या डावासाठी) आत शिरता येत नाही, आणि तो वेळ काढत राहतो. त्याचं वजन मात्र आधीच पुढे झुकलेलं असतं. तुम्हाला फक्त त्याच्या पायांखालचा पाया काढायचा आहे.

पायांकडेही बघायला शिका. उकेचा एक पाय पुढे असेपर्यंत तो पाय टेकू म्हणून काम करतो. दोन्ही पाय एका ओळीत आले की पुढच्या दिशेला त्याला आधारच उरत नाही. डाव टाकायचा क्षण हाच, आणि तो सहसा अर्ध्या पावलापुरता टिकतो.

पकड

शिकताना काताची जुनी पकड घ्या. उजवा हात उकेच्या डाव्या काखेखालून पाठीवर, पंजा खांद्याच्या पात्यावर. डाव्या हाताने त्याच्या उजव्या कोपराजवळची बाही, बाहेरच्या बाजूने, कापड घट्ट मुठीत घेऊन. ही बाही म्हणजे डावाचं कुलूप. ती ढिली राहिली की उके उजवा हात सोडवून जमिनीवर टेकवतो आणि मग एक तर डाव संपतो किंवा त्याचं कोपर.

डोकं उकेच्या तोंडासमोर ठेवू नका. ते बाजूला, त्याच्या खांद्याला चिकटून हवं. समोर ठेवलं तर उलटताना कपाळावर कपाळ आपटतं.

सामन्यात जास्त दिसते ती दुसरी पकड: उजवा हात उकेच्या डाव्या खांद्यावरून पाठीवर टाकून कापड धरायचं. यामुळे त्याचं डोकं खाली दाबलं जातं आणि तो स्वतःहून अधिक वाकतो. ताकदीने ही पकड वरचढ आहे, पण तिथे हात खेचण्याचा मोह होतो आणि शिकाऊ माणूस उकेला सरळ खाली, स्वतःच्या छातीवर ओढून घेतो. म्हणून ती नंतर. कापडाऐवजी पट्टा धरून असाच डाव टाकला तर कोदोकानच्या वर्गीकरणात त्याची गणना सहसा हिकिकोमी-गाएशीत होते. यंत्रणा बरीचशी सारखीच.

पायऱ्या

१. दोघं जिगोताईमध्ये, वर सांगितलेली पकड. तोरी उजवा पाय मागे घेत एक मोठं पाऊल मागे सरकतो आणि काखेखालच्या हाताने उकेला किंचित वर उचलतो. वर, आपल्याकडे नव्हे. उके तोल सांभाळायला डावा पाय पुढे टाकतो. तोरी आता डावा पाय मागे घ्यायला लागतो. उकेचा उजवा पाय पुढे यायला निघतो आणि डाव्याच्या ओळीत येतो. इथे थांबायचं नाही.

२. उकेचा उजवा पाय टेकत असतानाच तोरीचा डावा पाय उकेच्या दोन पायांच्या मध्ये जातो. किती आत? उकेच्या दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ कल्पनेने काढा. तुमच्या बोटांनी त्या रेघेपर्यंत पोचलं पाहिजे, ओलांडली तर आणखी बरं. बोटं जराशी बाहेर वळलेली, गुडघा वाकलेला. हे पाऊल आखूड पडलं तर पुढच्या कुठल्याही पायरीने ते भरून निघत नाही.

३. त्याच वेळी उजव्या पायाचा वरचा भाग, म्हणजे चवडा आणि घोटा यांच्यामधला सपाट भाग, उकेच्या डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर लावा. पाऊल नडगीकडे ओढलेलं, आकड्यासारखं. पोटरीवर लावलं तर घसरतं. जांघेत लावलं तर उचलायला लांबीच उरत नाही, आणि उकेला इजा होते ती वेगळी. उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला उघडा ठेवा.

४. आता बसा. पडू नका, बसा. नितंब डाव्या टाचेला जवळजवळ लागून, फार तर एका मुठीच्या अंतरावर टेकले पाहिजेत. छाती उकेच्या छातीपासून सुटता कामा नये. बसताना हात उकेला पुढे आणि वर नेत असतात: डावा हात बाही तुमच्या डाव्या कानाच्या पलीकडे, उजवा हात पाठीवरून त्याच दिशेला. उकेला असं वाटलं पाहिजे की त्याच्या समोरची जमीन नाहीशी झाली. त्याला जर वाटलं की कुणीतरी गळ्यात पडून खाली ओढतंय, तर हातांची दिशा चुकली.

५. बसल्यानंतर सपाट पाठीवर आडवं व्हायचं नाही. भार डाव्या नितंबावरून डाव्या खांद्याकडे तिरपा सरकतो. या तिरपेपणामुळे उके तुमच्या तोंडावरून न जाता डाव्या खांद्यावरून जातो, आणि त्याचा उजवा हात अडकलेला असल्यामुळे त्याच बाजूला त्याला रोखायला काही नसतं.

६. उजव्या पायाची उचल इथे, आधी नाही. उकेचं वजन तुमच्या कमरेच्या वर आल्याचं जाणवतं; क्षणभर तो हलका होतो. तेव्हा उजवा पाय वर आणि डाव्या खांद्याच्या दिशेने कमानीत फिरवा आणि डावा पाय जमिनीत रोवून कंबर वर ढकला. अनेकांचा उजवा पाय एकटाच राबतो. खरी ताकद जमिनीवरच्या डाव्या पायाची असते. शरीराचं वजन बरंच जास्त असलेल्या उकेला उचलता येतं ते त्याच्याच जोरावर.

७. सोडू नका. दोन्ही हात धरलेले, पाय मांडीला लागलेला, अशा स्थितीत उकेच्या मागोमाग तुम्हीही गडगडत वर या. नीट जमलं तर शेवटी तुम्ही त्याच्या पोटावर बसलेले असता आणि ताते-शिहो-गातामे (वर बसून दाबून धरण्याची पकड) जवळपास लागलेलीच असते. मात्र काता करताना उके स्वतः उकेमी घेऊन उठतो; तिथे तोरी त्याला मोकळं करतो. दोन्ही सवयी वेगळ्या ठेवा.

सराव कसा चढवायचा

उभ्याने सुरुवात करू नका. पहिला आठवडा बसूनच करा. उके गुडघ्यांवर, तोरी त्याच्यासमोर बसलेला, उजवं पाऊल उकेच्या डाव्या मांडीखाली, उजवा हात काखेखालून, डाव्या हातात उकेची उजवी बाही. डाव्या कुशीकडे झुकत झुकत उकेला उलटवा आणि त्याच्यावर या. दहाचे तीन संच. डावाचा आत्मा या बसक्या सरावात आहे: वजन आधी हातांनी आणि छातीने अंगावर घ्यायचं, मग पायाने उचलायचं. इथे उके प्रतिकार करत नसतानाही उलटत नसेल तर उभ्याने तो उलटणार नाही, हे धरून चाला.

मग एकट्याने बसण्याचा सराव. जागेवर उभे रहा, डावा पाय पाऊलभर पुढे टाका, त्याच टाचेजवळ बसा, डाव्या खांद्यावर तिरपे लोळा, उठा. मॅटच्या जोडरेषेवर उभे राहिलात तर चूक लगेच दिसते: नितंब रेषेच्या मागे टेकले तर तुम्ही मागे पडलात, पुढे टेकले तर खाली शिरलात. दहा वेळा, रोज, सरावाआधी अंग तापवतानाच उरकून घ्या.

तिसरा टप्पा उभ्या उकेवर उचिकोमी (फेक पूर्ण न करता डावात शिरण्याची आवर्तनं), पण बसण्यापर्यंतच. उके पाय फाकवून वाकतो. तोरी पाऊल टाकतो, पाय लावतो, बसतो. उके पुढे झुकून दोन्ही तळहात तोरीच्या डोक्यापलीकडे हलकेच टेकवतो आणि तिथेच थांबायचं. (सावकाश आणि ठरवून केलेल्या सरावात हात टेकवणं चालतं, वेगात नाही.) पाचचे चार संच पुरे. सुतेमीची उचिकोमी दमवते, आणि दमल्यावर माणूस मागेच पडायला लागतो. चुकीची वीस आवर्तनं करण्यापेक्षा बरोबर पाच केलेली बरी.

नंतर जाड गादीवर पूर्ण फेक. गादी तोरीच्या पाठीखाली नको, डोक्यामागे हवी. तोरी कडक मॅटवर बसतो आणि उके मऊ गादीवर जाऊन पडतो. पंधरा-वीस फेकी झाल्यावर भूमिका बदला. शेवटी चालता-चालता, उके आधी मागे सरणारा, मग ढकलणारा, मग गोल फिरणारा. रांदोरीत (मुक्त सरावात) तो आणायचा तेव्हा पहिल्या काही वेळी फक्त आपल्याएवढ्या वजनाच्या आणि उकेमी पक्की असलेल्या साथीदारावर.

काय बिघडलं ते निकालावरून ओळखा

उके तुमच्यावरच कोसळला: नितंब टाचेपासून लांब टेकले. पाऊल आखूड होतं किंवा तुम्ही बसण्याऐवजी मागे झोपलात. हा दोष बाकी सगळ्यांपेक्षा जास्त दिसतो. उपाय दुसऱ्या टप्प्यातली रेषा.

उके हललाच नाही, तुम्ही एकटेच खाली: तो ताठ होता, किंवा तुम्ही कुझुशीशिवाय (तोल बिघडवल्याशिवाय), ठरवून ठेवल्यासारखे खाली गेलात. इथे ताकद वाढवून काही होत नाही. क्षण चुकला होता.

उके कुशीवर पडला, पाठ लागली नाही: बाही डोक्याच्या पलीकडे न जाता पोटाकडे ओढली गेली. किंवा उजवा पाय सरळ वर गेला, खांद्याच्या दिशेने नाही.

उकेने तुमच्या पायावरून उडी मारून बाजू घेतली: छातीचा संपर्क सुटला. काखेखालचा हात ढिला होता आणि मध्ये जागा राहिली.

मांडीवरून पाय घसरला: पाऊल सैल होतं. चवडा नडगीकडे ओढून ठेवण्याची सवय बसक्या सरावातच लावावी लागते.

उजवा पाय लवकर ताठ झाला की उके पुढे न जाता मागे ढकलला जातो आणि सरळ उभा राहतो. घाई करणाऱ्यांचा हा खास दोष. पाय लावणं आणि पाय उचलणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत. मध्ये बसणं आहे.

एकटा डाव कमी, जोडीने जास्त

नुसता सुमी-गाएशी अनुभवी प्रतिस्पर्धी ओळखतो. तुमचं डोकं खाली गेलं, पाऊल आत आलं, की तो कंबर पुढे घालतो आणि विषय संपतो. त्याला आधी दुसऱ्या कशाची तरी काळजी लावावी लागते.

सगळ्यात चांगली जोडी ओ-उची-गारीची. उजव्या पायाने उकेचा डावा पाय आतून गळाला लावायचा. तो पडू नये म्हणून डावा पाय मागे घेतो आणि वजन पुढे टाकतो. तुमचा तोच उजवा पाय जमिनीवर न टेकता सरळ त्याच्या आतल्या मांडीवर चढतो. पाय बदलावा लागत नाही, म्हणून वेळ जात नाही. यात ओ-उची-गारी लुटुपुटूचा असून चालत नाही. तो खरा लागेल असा टाका. उके बचावला नाही तर गुण तिथेच मिळतो.

दुसरी जोडी उची-माताची (मांडीने उकेची मांडी आतून वर उचलण्याचा डाव). उची-माता ज्याच्या अंगवळणी आहे त्याच्यासमोर लोक कंबर मागे घेऊन खाली बसतात, म्हणजे सुमी-गाएशीला हवी तीच स्थिती आयती देतात. को-उची-गारीनंतरही (पाऊल टाचेकडून आतून ओढण्याच्या डावानंतरही) डाव लागतो, पण तिथे उकेचा उजवा पाय हललेला असतो, डावा नाही. पाय एका ओळीत यायची वाट पाहावी लागते.

फसल्यावर काय, हे आधी ठरवा. उजवं पाऊल उकेच्या मांडीखाली आणि बाही हातात असेल तर तुम्ही हरलेले नाही. पहिल्या टप्प्यातल्या बसक्या सरावाची हीच स्थिती आहे. लगेच पुन्हा उलटवायचा प्रयत्न करा, किंवा त्याने उजवा हात टेकवला तर त्याच हाताच्या जुजी-गातामेकडे (कोपर ताणून धरण्याच्या डावाकडे) वळा. १९८१ साली ६५ किलो गटात विश्वविजेते झालेले कात्सुहिको काशिवाझाकी सुतेमी आणि जमिनीवरची कुस्ती यांच्या सांधेजोडीसाठी ओळखले जातात. त्यांच्या लढती बघताना फेकीपेक्षा फेकीनंतरचे दोन सेकंद बघा.

सामन्यात

इप्पोनसाठी (लढत तिथेच संपवणाऱ्या पूर्ण गुणासाठी) चार गोष्टी पाहिल्या जातात: उके पाठीवर पडला का, वेग, जोर, आणि शेवटपर्यंत ताबा. सुतेमीत ताबा हाच कच्चा दुवा असतो, म्हणून पकड न सोडण्याचा आग्रह. फेकीचा खरा प्रयत्न न करता नुसतं समोरच्याला घेऊन जमिनीवर बसलात तर शिदो (दंड) मिळतो. पंचाला फरक दिसला पाहिजे, आणि तो दिसतो कुझुशीतून: खाली जाण्याआधी उके हलला होता का? पुन्हा पुन्हा निष्फळ बसत राहिलात तर खोटा हल्ला म्हणूनही शिदो लागू शकतो. मांडीवर फक्त तुमचा पाय जाऊ शकतो. २०१० मध्ये उभ्याने हाताने थेट पाय धरण्यावर बंदी आली आणि २०१३ मध्ये ती सर्वंकष झाली. घाईत डावा हात बाही सोडून उकेच्या गुडघ्याकडे जाण्याची सवय असेल तर ती सरावातच मोडा. पाठीवरची पकड किती वेळ ठेवता येते याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून स्पर्धेआधी चालू नियमावली बघून घ्या.

वेळेचं गणितही आहे. लढतीच्या सुरुवातीला, ताजे हात असलेला प्रतिस्पर्धी वाकत नाही. तिसऱ्या मिनिटानंतर पाठ थकते, कंबर मागे जाते, हात ताठ होतात. तोपर्यंत ओ-उची-गारी खरा असल्याची त्याची खात्री तुम्ही पटवून ठेवलेली असली पाहिजे. मॅटच्या कडेला, पाठ बाहेरच्या बाजूला असताना हा डाव टाळा: उके तुमच्या डोक्यामागे जाऊन पडणार आहे, आणि तिथे कदाचित मॅटच नसेल.